छोट्या ट्रॅक्टरच्या बॅकहोला थंब बसवावा का, आणि बसवायचा तर कोणता?

ओबडधोबड

नमस्कार मंडळी. अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात आमची सहा एकर जागा आहे. तिथली सगळी जड कामे २५ अश्वशक्तीचा एक छोटा ट्रॅक्टर करतो, ज्याच्या पुढे लोडर आहे आणि मागे बॅकहो, म्हणजे टोकाला बकेट असलेला खणणारा हात. बॅकहो साधारण साडेसहा फूट खोल खणतो, बकेट १६ इंच रुंद आहे आणि हायड्रॉलिकचा कमाल दाब २००० पीएसआय, म्हणजे जवळजवळ १४० बार आहे.

हा सगळा प्रदेश हिमयुगातील हिमनद्यांनी मागे टाकलेल्या दगडगोट्यांचा आहे. दर हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि वसंत ऋतूत नवे दगड वर येतात, त्यामुळे इथल्या जुन्या शेतकऱ्यांनी शेतांच्या कडेला मैलोन्मैल दगडी भिंती रचल्या, त्या आजही उभ्या आहेत. त्यात भर म्हणजे ॲश जातीची झाडे. ‘एमराल्ड ॲश बोरर’ नावाचा हिरवा भुंगा २००२ साली मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडला आणि २०१२ साली आमच्या राज्यात पोहोचला; आमच्या कुंपणाकडेची बहुतेक ॲश झाडे त्याने वाळवली आहेत. ती पाडून बुंधे उपटणे आणि दगड उचलून पडक्या भिंतीवर परत रचणे ही दोन कामे माझ्यापुढे आहेत.

नुसत्या बकेटने गोल दगड उचलताना तो शेवटच्या क्षणी घरंगळतो. साखळी बांधायची तर खाली दुसरा माणूस लागतो. म्हणून बकेटसमोर थंब, म्हणजे दगड बकेटवर दाबून धरणारा लोखंडी अंगठा, बसवण्याचा विचार आहे. बाजारात पिनेने कोन बदलण्याचा मेकॅनिकल थंब काही शे डॉलरला मिळतो. सिलिंडर, होज आणि व्हॉल्व्ह धरून हायड्रॉलिक थंबाचा खर्च त्याच्या तिप्पट-चौपट होतो. माझे दोन प्रश्न आहेत. एवढ्या लहान बॅकहोचा डिपर, म्हणजे बकेट धरणारा पुढचा हात, थंबाचा जोर सोसेल का? आणि हायड्रॉलिकसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

हडसनकाठ

मी न्यूयॉर्क राज्यात तुमच्यासारख्याच यंत्रावर मेकॅनिकल थंब वापरतो, त्यामुळे निःशंकपणे सांगतो की जरूर बसवा. थंब नसलेला बॅकहो खणतो, थंब असलेला बॅकहो धरतो, आणि एकदा धरता येऊ लागले की माणूस त्याशिवाय काम करायला तयार होत नाही.

माझ्या थंबाच्या टेकूला, म्हणजे थंबाला मागून आधार देणाऱ्या दांड्याला, पाच भोके आहेत. व्यवहारात मी मधलेच भोक वापरतो. फार मोठा दगड असेल तेव्हा एक भोक मागे आणि लाकडाचे ओंडके असतील तेव्हा एक भोक पुढे. थंब स्वतः हलत नाही. बकेट वळवून दगड त्याच्यावर दाबायचा आणि सोडताना बकेट उघडायची. थंब आणि बकेट दोन्ही डिपरवरच असल्याने पकडल्यानंतर बूम (ट्रॅक्टरकडचा हात) किंवा डिपर कसाही हलवला तरी पकड सुटत नाही. कोन बदलायला खाली उतरावे लागते हा एकच त्रास आहे, आणि तेवढाच पाय मोकळा करण्याचा व्यायामही होतो.

चहाबिस्किट

२०१९ साली जेसीबीची खोदाई पाहणाऱ्यांच्या गर्दीवरून जे विनोद पसरले होते, त्यांतील गर्दीत मी होतो आणि आजही आहे. धाग्याचे तिकीट काढून पुढच्या रांगेत बसलो आहे.

पिनबुश

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाला थोडे आकड्यांनी उत्तर देतो. मी पिंपरीला खोदकाम यंत्रांच्या डिझाइन विभागात बरीच वर्षे काढली आहेत.

तुमच्या बॅकहोच्या बकेट सिलिंडरचा व्यास ६५ मिमी धरला, तर १४० बार दाबाला तो सुमारे पावणेपाच टनाने ढकलतो. कड्या आणि पिनांच्या तरफेतून दातापर्यंत पोहोचेपर्यंत हा जोर घटतो. सोयीसाठी दाताच्या टोकावर दीड टन धरू. बकेट दगडाला थंबाच्या टोकावर दीड टनाने दाबते. थंबाचे टोक त्याच्या बिजागरीपासून ६० सेंटिमीटरवर आणि टेकू २० सेंटिमीटरवर असेल, तर टेकूवर तिप्पट, म्हणजे साडेचार टन जोर येतो. हा साडेचार टन जोर टेकूच्या वरच्या कानातून (पिन घालायच्या भोकाच्या पट्टीतून) डिपरच्या पातळ पत्र्यात उतरतो. थंब मोडत नाही, टेकूही मोडत नाही. कान जिथे जोडला आहे तिथला डिपरचा पत्रा फाटतो किंवा आत चेपतो. म्हणून थंब विकत घेताना त्याची स्वतःची जाडी पाहून भाळू नका, तो डिपरला किती लांबीवर आणि कसा धरतो ते पाहा.

दुसरे म्हणजे पिळाचा जोर. दगड बकेटच्या एका कडेच्या दातात आणि थंबाच्या एका बोटात तिरका धरला, की डिपर पिळला जातो. चौकोनी बंद पेटीचा डिपर पिळाला चांगला टिकतो, परंतु पिना आणि बुश त्याची किंमत मोजतात. थंबाने धरलेला बुंधा बॅकहो डावी-उजवीकडे फिरवून उपटण्याचा मोह होईल, तो टाळा. बाजूला फिरवणारे सिलिंडर आणि बूमच्या मुळाशी असलेली उभी पिन त्या कामासाठी बनवलेली नसते. ओढायचे ते सरळ रेषेत, डिपर आणि बूमच्या जोराने.

मेपलपानवाला

हडसनकाठ यांच्याशी आदरपूर्वक असहमत आहे. मी कॅनडातील ऑन्टॅरिओमध्ये राहतो आणि मुख्यतः लाकडाचे काम करतो. मेकॅनिकल थंब दगडासाठी ठीक आहे, कारण दगड जिथे पकडला तिथेच ठेवून दिला तरी चालतो. ओंडक्याचे तसे नसते. दहा फुटी ओंडका जमिनीवरून उचलून ढिगावर आडवा ठेवताना बकेट आणि थंब एकत्र फिरवून त्याचा कल बदलावा लागतो, आणि हे फक्त हायड्रॉलिक थंबाने जमते. स्थिर थंबाला पकड मिळते ती बकेटच्या फिरण्याच्या एका छोट्या टप्प्यातच. बकेट पूर्ण वळवली की दोहोंमध्ये जागा उरत नाही, उघडली की पकड सुटते.

माझ्या सिलिंडरचा व्यास ५० मिमी आणि स्ट्रोक २५० मिमी आहे. त्यात साधारण अर्धा लिटर तेल मावते, आणि छोट्या ट्रॅक्टरचा पंपदेखील मिनिटाला वीस लिटर तेल सहज देतो, म्हणजे दीड सेकंदात थंब पूर्ण मिटतो. हे प्रत्यक्षात घाबरवणारे असते. लाईनमध्ये बारीक छिद्राचा रेस्ट्रिक्टर बसवल्यावरच थंब शहाण्यासारखा चालू लागला. ज्यांना हायड्रॉलिक बसवायचा असेल त्यांनी हा चार-पाच डॉलरचा तुकडा विसरू नये.

चिरेखाण

सिंधुदुर्गातून लिहितो. माझ्याकडे एक मोठा बॅकहो लोडर आहे, त्याला थंब नाही, आणि आमच्या तालुक्यात कोणाच्याही यंत्राला मी तो पाहिलेला नाही. इकडे मोठा दगड उचलायचा म्हणजे ऑपरेटर बकेट दगडाखाली घालतो, खालचा गडी पहारीने दगड आत लोटतो, आणि तरीही जमले नाही तर साखळी. ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरवरचे ग्रॅब उसाच्या मोळ्या उचलतात, भंगारवाल्यांकडे पोकलेनला ग्रॅब असतो, परंतु खणणाऱ्या बकेटसमोर थंब हा प्रकार आमच्याकडे रुळलेला नाही.

साखळीबद्दल मात्र सगळ्यांनी सावध असावे असे सांगतो. बकेटच्या दाताला नुसती अडकवलेली साखळी बकेट थोडी उघडताच दातावरून निसटते, आणि त्या वेळी गडी दगडाजवळच उभा असतो. आमच्याकडे गडी मिळतो म्हणून थंब लागत नाही, हे वाक्य मी आजवर अनेकदा बोललो आहे. या धाग्यावर ते लिहून पाहिल्यावर तितकेसे बरे वाटत नाही.

पिनबुश साहेबांना एक विचारायचे आहे. थंब लावल्यावर बकेटच्या कड्यांच्या पिना लवकर झिजतात का?

पिनबुश

@चिरेखाण, झिजतात, पण थंबामुळे कमी आणि वापराच्या सवयीमुळे जास्त. खणताना बकेटवर येणारा जोर मातीच्या विरोधाइतकाच असतो. थंबावर दगड दाबून धरताना मात्र ऑपरेटर लिव्हर सोडत नाही, रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेबाहेर गेला की तेल सोडून देणारा) ओरडू लागेपर्यंत दाबत राहतो. पकड बसल्यावर लिव्हर मध्यावर आणला तरी तेल सिलिंडरमध्ये कोंडलेले राहते आणि दगड तिथेच राहतो. आणि ग्रीस. नव्या थंबाच्या पिनेला ग्रीसची निपल आहे का, हे खरेदीआधीच पाहावे. अनेक स्वस्त थंबांना ती नसते.

@मेपलपानवाला, रेस्ट्रिक्टरचा मुद्दा उत्तम आहे. तुमच्या थंबाच्या लाईनला रिलीफ व्हॉल्व्ह आहे का?

मेपलपानवाला

आहे. किटसोबत क्रॉसओव्हर रिलीफ आला होता, तोच बसवला आहे.

पिनबुश

मग हायड्रॉलिक थंबाची खरी मेख इथेच आहे, ती सविस्तर लिहितो.

वर काढलेला टेकूवरचा साडेचार टनाचा जोर टेकूऐवजी सिलिंडरवर येतो असे समजा. ५० मिमी व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ जेमतेम वीस चौरस सेंटिमीटर असते. थंबाचा व्हॉल्व्ह मध्यावर, म्हणजे बंद असताना बकेटने जोर लावला, तर सिलिंडरच्या पाठीमागच्या बाजूस कोंडलेल्या तेलाचा दाब २२० बारच्या वर जातो. तुमचा पंप १४० बारच देतो आणि ट्रॅक्टरचा मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह तेवढ्यालाच उघडतो, परंतु त्या व्हॉल्व्हला या कोंडलेल्या तेलाची खबरच नसते, कारण मध्ये स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हमधला तेलाची वाट उघडणारा-मिटणारा दांडा, बंद आहे. परिणामी होज फुगते, सील जातो किंवा रॉड वाकतो. मोठा भाऊ धाकट्याचा हात पिरगाळतो त्यातलाच हा प्रकार आहे: बकेटचा सिलिंडर थोरला, थंबाचा धाकटा. म्हणून थंबाच्या लाईनवर स्वतंत्र रिलीफ हवाच, म्हणजे मर्यादेपलीकडे जोर आला की थंब थोडा मागे सरकून देतो.

आता क्रॉसओव्हरविषयी. क्रॉसओव्हर रिलीफ एका बाजूचे तेल दुसऱ्या बाजूला सोडतो. हायड्रॉलिक मोटरसाठी हे उत्तम आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंचे तेल सारखे असते. एका बाजूलाच रॉड असलेल्या सिलिंडरमध्ये मात्र पाठीमागून जितके तेल बाहेर पडते तितके रॉडच्या बाजूला मावत नाही, कारण तिथली जागा रॉडने अडवलेली असते. उरलेले तेल जाणार कुठे? सुटकेचा रस्ता टाकीकडेच हवा. त्यामुळे सिलिंडरच्या पाठीमागच्या लाईनवर टाकीत परत जाणारा पोर्ट रिलीफ आणि रॉडच्या बाजूला पोकळी होऊ नये म्हणून तेल आत घेणारा चेक व्हॉल्व्ह, ही जोडी योग्य. किटमध्ये काय येते आणि तुमच्या यंत्राला काय हवे, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

मेपलपानवाला

आता कळले की फार जड ओंडका दाबला की माझा थंब किंचित मागे सरून एकदम का अडतो. आजवर मी ते त्याच्या स्वभावावर घालत होतो. टाकीकडे जाणारी लाईन जोडता येते का, ते पाहतो.

चहाबिस्किट

एकलव्याचा विनोद अजून कोणी केलेला नाही याची नोंद घ्यावी. मीही करणार नाही, कारण पिनबुश गुरुजींनी दक्षिणा मागितली तर पंचाईत होईल.

उद्यमनगर

कोल्हापूरला फॅब्रिकेशनचे काम करतो. परदेशातील किट मी पाहिलेले नाहीत, पण डिपरला कान जोडण्याचे आणि फुटलेले डिपर सांधण्याचे काम रोज हाताखालून जाते, म्हणून वेल्डिंगबद्दल लिहितो.

थंबाची पट्टी थेट डिपरच्या पत्र्यावर जोडू नये. आधी डिपरच्या जाडीइतकी किंवा किंचित जास्त जाडीची लांब पट्टी अस्तरासारखी जोडावी आणि कान त्या पट्टीवर घ्यावेत. अस्तराची टोके चौकोनी ठेवू नयेत, निमुळती करावीत. वेल्ड डिपरच्या लांबीच्या दिशेने घ्यावा. टोकाला, आडवा, डिपरच्या रुंदीभर वेल्ड मारला की पुढे तडा तिथूनच जातो, कारण डिपर वाकताना ताण लांबीच्या दिशेने असतो आणि आडवा वेल्ड म्हणजे त्या ताणाला आपणच आखून दिलेली रेषा. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या डिपरमध्ये तडा बहुतेक वेळा मूळ पत्र्यात नसतो, नंतर कोणीतरी जोडलेल्या तुकड्याच्या टोकाशी, वेल्डच्या अगदी कडेला, केसाएवढा दिसतो. रंगाखाली गंजाची बारीक तांबडी रेघ दिसली की तिथे तडा आहे असे धरून ग्राइंडर लावावा.

वेल्डिंगचा रॉड ७०१८ जातीचा आणि कोरडा असावा. ओलसर रॉडने केलेला वेल्ड दिसायला चांगला असला तरी आतून ठिसूळ निघतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीच्या तारा काढाव्यात. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारी, त्याच तुकड्यावर लावावा. तो ट्रॅक्टरच्या चाकाशी लावला तर सगळा करंट पिना, बुश आणि सिलिंडरमधून वाहत जातो आणि तिथे ठिणग्यांचे चट्टे पडतात. सिलिंडरचा चकचकीत रॉड जाड कापडाने किंवा पत्र्याने झाकावा, कारण उडालेला एक ठिपका त्यावर चिकटला की तो प्रत्येक फेरीला सील कापतो.

हडसनकाठ

उद्यमनगर यांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन, तरीही मी वेल्डिंगच्या विरोधात आहे. धागाकर्त्यांचे यंत्र वॉरंटीत असेल तर डिपरवर वेल्डिंग केल्यावर विक्रेता हात वर करण्याची दाट शक्यता असते. माझा थंब डिपरला कवेत घेणाऱ्या खोगिरावर आहे: खाली एक जाड प्लेट, वर दुसरी, आणि दोन्ही बाजूंनी लांब बोल्ट. डिपरला एकही भोक नाही, एकही वेल्ड नाही. सुरुवातीला बोल्ट ढिले होतात, रंग दबतो, खोगीर किंचित सरकते. पहिल्या काही दिवसांच्या कामानंतर बोल्ट पुन्हा आवळले की ते स्थिरावते. खोगीर सरकू नये म्हणून त्याची पुढची कड डिपरच्या बकेट-पिनेच्या बॉसला (पिनेभोवतीच्या जाड कड्याला) टेकेल अशी निवडावी, म्हणजे जोर केवळ घर्षणावर राहत नाही.

पिनबुश

बॉसला टेकवण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मात्र टेकूचा जोर डिपरच्या वरच्या दिशेने, बूमकडे ढकलतो, हे लक्षात घ्या. टेकूचा कान आणि थंबाची बिजागरी एकाच सलग प्लेटवर असतील तर हे ढकलणे आणि बिजागरीवरचे ओढणे बहुतांशी त्या प्लेटमध्येच एकमेकांना खाऊन टाकतात आणि डिपरला फक्त वाकवणारा भाग सोसावा लागतो. दोन्ही स्वतंत्र तुकड्यांवर असतील तर सगळा जोर डिपरमधून जातो. लहान यंत्रासाठी सलग प्लेटचे खोगीरच घ्या.

लाल_माती_यूएस

मूळ प्रश्नालाच हात घालतो. थंब हवाच कशाला? नॉर्थ कॅरोलायनात मी लोडरच्या बकेटऐवजी पुढे ग्रॅपल, म्हणजे पकडणारा पंजा, लावला आहे. लोडरची उचल बॅकहोच्या लांब हातापेक्षा कितीतरी जास्त असते, दगड उचलून दोनशे मीटर नेताही येतो, आणि मागे बॅकहो असेल तर त्याचे वजन समतोल राखते. बॅकहोने धरलेला दगड घेऊन तुम्ही जाणार कुठे? बसलेले यंत्र, टेकलेले पाय, आणि हात पुरेल तेवढेच जग.

ओबडधोबड

सर्वांचे मनापासून आभार. @लाल_माती_यूएस, आपला मुद्दा वाहतुकीपुरता पूर्ण मान्य आहे. माझी अडचण रचण्याची आहे. भिंतीवर दगड ठेवताना तो दोन इंच इकडे-तिकडे सरकवावा लागतो, आणि लोडरने ते करायचे म्हणजे अख्खा ट्रॅक्टर पुढेमागे करावा लागतो. शिवाय गाडलेला दगड आधी खणून काढावा लागतो. तो खड्ड्यात असतानाच धरता आला तर अर्धे काम तिथेच संपते.

आज मापे घेतली. डिपरचा पत्रा ५ मिमी जाड आहे, बकेटच्या पिनेपासून दाताच्या टोकापर्यंत २४ इंच. कंट्रोल व्हॉल्व्ह एकसंध ब्लॉकचा आहे, त्यात जादा स्पूल जोडण्याची सोय नाही. थंब किती लांब घ्यावा आणि त्याची बिजागरी डिपरवर असावी की बकेटच्याच पिनेवर?

पिनबुश

बिजागरी बकेटच्या पिनेवर असेल तर थंब आणि दात एकाच केंद्राभोवती फिरतात, त्यामुळे कुठल्याही कोनात त्यांची टोके जुळतात. हायड्रॉलिकसाठी हीच रचना उत्तम. परंतु त्यासाठी लांब पिन आणि बाजूला मोकळी जागा लागते, आणि छोट्या बॅकहोवर ती क्वचितच असते. मेकॅनिकल थंबाची बिजागरी डिपरवर चालेल. जुळणी एकाच ठिकाणी होईल एवढे लक्षात ठेवायचे.

लांबी कागदावर काढत बसण्यापेक्षा जाड पुठ्ठ्याचा थंब कापा, बिजागरीच्या जागी खिळ्यासारखा धरा आणि बकेट हळूहळू वळवून पाहा. ज्या कोनात तुम्ही सर्वांत जास्त दगड उचलणार आहात, त्या कोनात थंबाची बोटे दातांच्या मधून दोन-एक इंच पुढे गेली पाहिजेत. बोटे दातांवर आपटत असतील तर रुंदी चुकली. दुमडलेल्या स्थितीतली दुसरी तपासणीही विसरू नका: डिपर पूर्ण आत ओढल्यावर दुमडलेला थंब बूमला किंवा होजना लागत नाही ना, हे पाहावे.

मेपलपानवाला

एकसंध ब्लॉक असेल तर हायड्रॉलिकला दोनच वाटा उरतात. एक, ट्रॅक्टरच्या मागे रिमोट व्हॉल्व्ह (जोडलेल्या अवजाराला तेल देणारा) असेल तर त्यावरून लाईन न्यायची. दोन, बॅकहोच्या एखाद्या लाईनवर तेलाची वाट बदलणारा १२ व्होल्टचा डायव्हर्टर बसवून लिव्हरच्या मुठीवर बटण द्यायचे. बटण दाबले की तोच लिव्हर थंब चालवतो. काही जण डायव्हर्टर स्टॅबिलायझरच्या, म्हणजे जमिनीला टेकवायच्या पायांच्या, लाईनवर घेतात, कारण दगड धरताना पाय हलवायचे नसतात. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. बटण नीट दाबले गेले नाही तर थंबाऐवजी पाय उचलला जातो, तोही भार हवेत असताना. बकेटच्या लाईनवर घेतला तर थंब आणि बकेट एकाच वेळी चालत नाहीत, पण निदान यंत्र कलंडत नाही.

जोडण्यांचे आटे नीट तपासा. जपानी बनावटीच्या यंत्रांवर बरेचदा बीएसपी जातीचे आटे असतात आणि अमेरिकेतील दुकानदार जेआयसी जातीचे देतो. दोन्ही हाताने दोन आटे फिरतात आणि मग गळत राहतात.

चिरेखाण

गळतीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. होजवर कुठे बारीक धार दिसते का हे हात फिरवून कधीही पाहू नये. दाबाखालचे तेल कातडीतून आत शिरते, जखम टोचल्याएवढी दिसते, आणि आतून हात सडू लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावे, आणि शंका आली तर तासाभरातच दवाखाना गाठावा. आमच्या एका ऑपरेटरने दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली होती. त्याचे एक बोट गेले.

लाल_माती_यूएस

थंब बसणारच असे दिसते, तेव्हा वजनाचेही बोलून घेऊ. ग्रॅनाइटचा घन मीटर साधारण २.७ टन भरतो. दीड फूट व्यासाचा गोल दगड सव्वाशे-दीडशे किलोचा होतो, दोन फुटी दगड तीनशेच्या पुढे जातो. व्यास थोडाच वाढतो, वजन दुपटीहून अधिक. थंब नसताना मोठा दगड निसटून जायचा, म्हणजे तोच एक प्रकारे सुरक्षा-व्हॉल्व्ह होता. थंबाने तो निसटणार नाही, आणि हात पूर्ण लांबवून बाजूला वळवला की उतारावरचा छोटा ट्रॅक्टर दगडाच्या मागे जाईल. थंबाचे स्वतःचे वीस-तीस किलोही हाताच्या टोकाशीच लटकतात, ते उचलीतून वजा धरावे. दगड जमिनीलगत आणि यंत्राजवळ ठेवूनच वळावे.

ओबडधोबड

चर्चेनंतर ठरले ते असे. मेकॅनिकल थंब, सलग प्लेटच्या खोगिराचा, ग्रीस निपल असलेला, वेल्डिंगशिवाय. लाकडाचे काम दगडांच्या मानाने कमी आहे, त्यामुळे मेपलपानवाला यांचे म्हणणे पटूनही सध्या हायड्रॉलिक घेत नाही. पुढेमागे टेकूच्या जागी सिलिंडर बसवता यावा म्हणून दोन पिनांमधील अंतर नेहमीच्या सिलिंडरच्या मापाचे असलेला थंब पाहतो आहे.

एक शंका उरते. पुढच्या महिन्यात पाण्याच्या नळासाठी चर खणायचा आहे. इथे गोठण्याच्या थराखाली जायला साडेतीन फुटांहून खोल खणावे लागते, आणि त्यासाठी मी १२ इंची बकेट लावतो. तेव्हा थंब काढून ठेवावा की दुमडून चालेल?

पिनबुश

दुमडून चालेल, पण थंब १२ इंची बकेटपेक्षा अरुंद असावा, नाहीतर तो चराच्या कडा खरवडत जाईल. दुमडल्यावर डिपरवर आपटू नये म्हणून मध्ये रबराचा तुकडा ठेवावा. सिलिंडर नंतर बसवणार असाल, तर कान आजच त्या जोराचे घ्या, आणि टाकीकडे जाणारा रिलीफ तेव्हाही लागेल.

हडसनकाठ

खणण्याआधी ८११ या अमेरिकेतील त्यासाठीच्या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्यात. आणि दुमडलेला थंब अडकवणाऱ्या पिनेला किटमधली झटपट निघणारी कडी लावू नका, नट-बोल्ट लावा. चर खणताना झुडपांत घासून ती कडी निघते, पिन मातीत जाते, आणि थंब नेमका बकेट भरलेली असताना खाली येतो. जादा पिनही आत्ताच मागवून ठेवा, कारण त्या मापाची पिन हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही.